नोंद कुणाच्या हातची?

या मालिकेत आपण किल्ले, तह, दुष्काळ, रेल्वे असं बरंच काही पाहिलं. आज विषय ऐकून काहीजण दचकतील. तुमच्यातले बरेचजण सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. लॉगिंग कुठं करायचं? ॲप्लिकेशनमध्ये की डेटाबेसमध्ये? ज्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही, त्यांनीही उठू नका. हा प्रश्न आपल्या दफ्तरखान्यांत कॉम्प्युटर यायच्या दोनशे वर्षं आधी येऊन गेलाय. आणि त्याचं उत्तर चुकलं की कुणाची तरी नोकरी जाते किंवा कुणाचे तरी पैसे जातात, हे तेव्हाही खरं होतं.

मी भिलाईचा. भिलाई म्हणजे पोलाद. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरातून माणसं आली, त्यात विदर्भातली आपली मंडळीही होती. आमचे बाबा त्यांतले. रेल मिलमध्ये, पोलादाचे मोठे ठोकळे रुळासाठी लाटण्याआधी ज्या भट्टीत पुन्हा तापवतात, तिथं त्यांची पाळी असे.

लहानपणी मला त्यांच्या कामातल्या दोनच गोष्टी कळायच्या. एक लॉगबुक. पाळी संपली की बाबा त्यात लिहीत, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. किती ठोकळे आत गेले, किती बाहेर आले, कुठं काय अडलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दुसरी गोष्ट म्हणजे गोल कागदाची तबकडी. भट्टीच्या तपमानाला जोडलेलं एक पेन त्या कागदावर आपोआप रेघ काढत फिरायचं. बाबा सांगायचे, रेघ खाली गेलेली दिसली तर कागदाला विचारून उपयोग नाही, त्याला फक्त रेघ माहीत. दार का उघडलं ते वहीत बघायचं. आणि वहीत सगळं छान लिहिलेलं असलं तर एकदा कागद बघून घ्यायचा.

आजचा सगळा विषय यात आला. वही म्हणजे ॲप्लिकेशन लॉगिंग. काम करणारा प्रोग्रॅम स्वतःच लिहून ठेवतो, अमक्यानं लॉगिन केलं, तमक्या कारणासाठी रक्कम बदलली. तबकडी म्हणजे डेटाबेस लॉगिंग. माहिती जिथं साठते तिथंच, कोणीही काहीही बदललं तरी, नोंद आपोआप उमटते. कारण तिला कळत नाही, बदल मात्र सुटत नाही.

आता जरा मागं जाऊ, आणि फार लांब नाही, इथंच. भिलाईला लागून असलेलं दुर्ग आणि हा सगळा छत्तीसगढ एकेकाळी नागपूरकर भोसल्यांकडे होता. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकरांची स्वारी रतनपुरावर आली, पुढं रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून राज्य करत होते. बिंबाजींनंतर हा मुलूख व्यंकोजींकडे गेला, पण त्यांचं बस्तान नागपूरला. इथं सुभेदार बसवले. आणि लगेच तो जुना पेच उभा राहिला. मालक शेकडो मैलांवर, वसुली करणारा जागेवर. वसूल किती झाला हे मालकाला कळणार कसं? तर वसूल करणाऱ्याच्या वहीवरून. म्हणजे चावी आणि हिशेब एकाच माणसाकडे.

सुभेदार विठ्ठलराव दिनकरांनी इथल्या जुन्या गढांऐवजी परगणे पाडले. परगण्यावर कमाविसदार. पण कमाविसदार एकटा नव्हे. त्याच्याजोडीला हिशेबासाठी फडनवीस, गावोगावच्या साऱ्याच्या कागदांसाठी बरारपांडे, खजिन्यावर पोतदार. शाळेत हे नुसते हुद्दे म्हणून पाठ करून घेतात, त्यामुळं आपल्याला ती नोकरशाहीची खोगीरभरती वाटते. पुण्याकडची पद्धत बघितली की यामागचा हिशेब लक्षात येतो.

पेशवाईत मोठ्या महालावरच्या मामलेदाराला आठ दरकदार दिलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. मामलेदार त्यांचा वरिष्ठ, पण त्यांना काढून टाकण्याचा अधिकार त्याला नाही. वर गैरव्यवहार दिसला तर थेट सरकारला कळवायचं कामही त्यांच्यावरच. म्हणजे काम करणारा वेगळा, नोंद ठेवणारा वेगळा, आणि नोंद ठेवणाऱ्याची भाकरी काम करणाऱ्याच्या हातात नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपरकडे लॉग पुसायची परवानगी नाही. किती कंपन्यांत हे खरं आहे, मनात मोजून बघा.

यातली फडणीस आणि दफ्तरदाराची जोडी मला फार आवडते. फडणीस रोजकीर्द लिहायचा, म्हणजे जे घडलं ते घडलं त्या क्रमानं, त्या दिवशी. दफ्तरदार त्या रोजकिर्दीवरून खतावणी करायचा, म्हणजे कुणाच्या नावावर किती, याचा गोषवारा, आणि त्याचा महिन्याचा सारांश वर पाठवायचा. आधी कीर्द, मग खतावणी. हा क्रम मोडायचा नाही. खतावणी हरवली, भिजली, तरी किर्दीवरून पुन्हा उभी करता येते. उलट होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कॅलिफोर्नियात लागणार आहे.

पण याहून महत्त्वाची एक अट होती. परगण्याचे देशमुख-देशपांडे वतनदार. त्यांचं स्वतःचं वेगळं दफ्तर असे, मामलेदार बदलला तरी ते जागेवर. वर्षअखेरी मामलेदाराचा हिशेब पुण्याला गेला की तो तसाच मंजूर होत नसे. देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी तो जुळावा लागे. दोन हातांनी, दोन वेगळ्या हितसंबंधांतून लिहिलेले दोन कागद. मामलेदाराला का खर्च झाला हे माहीत, देशपांड्याला किती आलं हे माहीत. दोघं संगनमत करत नसत असं मी म्हणणार नाही, करत असत. पण तेवढ्यासाठी दोघांना पटवावं लागे, आणि मग वाटेकरी वाढत.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात काय झालं तेही सांगतो, कारण बखरींतल्या लढायांपुढं हे कुणी सांगत नाही. मामलती मक्त्यानं द्यायला सुरुवात झाली. जो जास्त बोली लावेल त्याला महाल. मग त्यानं कसं वसूल केलं याच्याशी सरकारला देणंघेणं उरलं नाही, त्यामुळं ताळा घेण्याचं कारणही उरलं नाही. पुण्याच्या हुजूर दफ्तराकडे दुर्लक्ष झालं, कारकून कमी झाले, कागद लोकांनी उचलून नेले. कागद लिहिणं थांबलं नव्हतं. कागद ताडून बघणं थांबलं होतं. उरलेलं दफ्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, आणि त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये ४५ खंडांत छापले म्हणून आपण घरी बसून वाचू शकतो. मोडी वाचता येत असेल तर प्रत्यक्ष बघायला जा. रोजकिर्दीतली तारीख-वार लिहिण्याची शिस्त बघून आजच्या कित्येक सर्व्हरची लाज वाटते.

आता कॅलिफोर्निया. सत्तरच्या दशकात सॅन होझेच्या आयबीएम प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा डेटाबेस बनत होता. जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी एका साध्या भीतीनं ग्रासले होते. खात्यातून पैसे वजा केले, दुसऱ्या खात्यात जमा करायचे आणि नेमकी मध्येच वीज गेली तर? उत्तर असं निघालं की खऱ्या पानावर बदल उतरवण्याआधी तो बदल एका वेगळ्या लॉगमध्ये लिहायचा आणि तो लॉग डिस्कवर पोचल्याची खात्री करायची. मग वीज जाऊ दे, मशिन उठल्यावर लॉग वाचून पान पुन्हा उभं करता येतं. आधी कीर्द, मग खतावणी! १९९२ साली या पद्धतीचं ॲरिज नावाचं शास्त्रशुद्ध रूप प्रसिद्ध झालं, त्याचे पहिले लेखक सी. मोहन, आपल्या मद्रास आयआयटीतून गेलेले. आज जगातले बहुतेक मोठे डेटाबेस ॲरिजच्या किंवा तिच्या चुलतभावंडांच्या जोरावर उभे आहेत.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण इंटरव्ह्यूत चांगली चांगली मुलं अडखळतात. हा लॉग साक्षीसाठी लिहिलेला नाही, सावरण्यासाठी लिहिलेला आहे. कोणत्या पानावर काय बदललं एवढंच त्याला हवं. कोणी, कोणत्या परवानगीनं, कशासाठी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. आणि काम झालं की तो पुसलाही जातो.

ॲप्लिकेशन लॉगची वंशावळ अगदी वेगळी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत एरिक ऑलमन ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होते. तो कुठं अडकतो हे कळावं म्हणून त्यांनी सिसलॉग बनवला. म्हणजे मूळ हेतू प्रोग्रॅमरची सोय. नंतर जावावाल्यांना लॉग-फोर-जे मिळालं आणि लॉग लिहिणं एका ओळीचं काम झालं. इतकं सोपं झालं की आत काय चाललंय हे कुणी बघेनासं झालं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीला आलं की लॉगमध्ये एक विशिष्ट मजकूर लिहायला लावला तर बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. जगभरच्या आयटीवाल्यांचा तो महिना जागरणात गेला. चोर पकडायला ठेवलेल्या वहीतूनच चोर आत.

म्हणजे एक वही प्रोग्रॅमरच्या सोयीसाठी जन्मली, दुसरी वीज गेल्यावर सावरण्यासाठी. साक्ष द्यायला दोघींपैकी कुणीच जन्मली नव्हती. आपण मात्र दोघींना कोर्टात उभं करतो.

माझ्या अंगावर हे कसं आलं ते सांगतो. नावं सांगणार नाही. नागपूरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो, आमचा प्रोग्रॅम विदर्भातल्या काही पतसंस्था वापरत. एका शुक्रवारी अशाच एका पतसंस्थेत एक आजोबा पासबुक घेऊन आले. पासबुकात शिल्लक ६१,२४० रुपये, कॉम्प्युटरवर ४२,२४०. एकोणीस हजार गायब. ॲप्लिकेशनचा लॉग काढला. त्या खात्यावरची शेवटची नोंद सोमवारची, दुपारी चार पन्नासची, काउंटरवरच्या ताईंच्या लॉगिननं. पाचशे रुपये जमा. त्यापुढं कोरं. आता लॉगमध्ये शेवटचा हात ज्यांचा, त्यांच्यावर संशय. शनिवारी संचालकांनी ताईंना घरी बसायला सांगितलं. नवरा नव्हता, एक मुलगी दहावीला. आम्हाला फोन आला तो तक्रारीचा नव्हता, पुरावा पक्का करून द्या असा होता.

ॲप्लिकेशनचा लॉग खोटं बोलत नव्हता हे आधी समजून घ्या. त्याच्या दारातून जे गेलं ते त्यानं लिहिलं. पण डेटाबेसला आणखी एक दार होतं, थेट क्वेरी चालवण्याचं, आणि तिथं वही ठेवलेलीच नव्हती. ऑडिट टेबल नाही, ट्रिगर नाही. दुरुस्ती करायला आम्हीच त्या दारानं जायचो, आम्हाला ते दार म्हणून दिसतच नव्हतं.

माझ्या सुदैवानं, खरं तर ताईंच्या सुदैवानं, त्या मायएसक्यूएल सर्व्हरवर कुणीतरी दुसऱ्याच कारणासाठी बायनरी लॉग चालू ठेवला होता. दुसऱ्या मशिनवर प्रत पाठवण्यासाठी. मंगळवारी तो उलगडून बसलो. हजारो ओळींत एक सापडली. सोमवार, रात्री अकरा बारा. एकोणीस हजार वजा. पतसंस्था संध्याकाळी सहाला बंद होते. काय झालं आणि कधी झालं ते मिळालं. कुणी केलं ते मात्र त्यात नसतं, आणि असतं तरी उपयोग नव्हता, कारण आम्ही सगळेच एकाच नावानं, एकाच पासवर्डनं आत जायचो.

मग आमच्या ऑफिसातलं सपोर्टचं रजिस्टर काढलं. साधी दोनशे पानी वही. सोमवारच्या पानावर आमच्याच एका सहकाऱ्याच्या अक्षरात होतं, व्याज दुरुस्ती रात्री केली. एका ठेवीवर जास्त पडलेलं व्याज परत घ्यायचं होतं, आणि क्वेरीत खातेक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. ताईंचा काही संबंध नव्हता. चूक आमची. तो बायनरी लॉग दहा दिवसांनी आपोआप पुसला जाईल अशी सोय होती. आम्ही आठव्या दिवशी बघितला. ताई बुधवारी कामावर परत आल्या. आमच्या कंपनीनं पाठवलेलं दिलगिरीचं पत्र दोन ओळींचं होतं, ते मीच टाइप केलं होतं.

तेव्हापासून बरीच वर्षं मी कट्टर डेटाबेसवाला होतो. ट्रिगर लावा, प्रत्येक टेबलाला ऑडिट टेबल लावा, विषय संपला. २०१८ साली हा कट्टरपणा उतरला.

त्या वर्षी १४ फेब्रुवारीला पंजाब नॅशनल बँकेनं जाहीर केलं की मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा घोटाळा झालाय. त्याचं राजकारण आपण सगळ्यांनी ऐकलं. यंत्राची गोष्ट फार कमी लोकांनी नीट बघितली. परदेशी बँकांना हमी देणारे संदेश स्विफ्ट नावाच्या यंत्रणेतून जात होते. बँकेची स्वतःची खतावणी म्हणजे कोअर बँकिंग प्रणाली वेगळी. दोघींना जोडणारी तार नव्हती. संदेश स्विफ्टमधून गेला आणि कोअर बँकिंगमध्ये त्याची नोंद माणसानं हातानं करायची होती. ती केलीच नाही. आता सांगा, कोअर बँकिंगच्या डेटाबेसवर तुम्ही जगातला सगळ्यात कडक ट्रिगर लावला असता तरी काय उमटलं असतं? काही नाही. तिथं बदलच झाला नव्हता. पतसंस्थेत माणूस मागच्या दारानं आला होता. इथं तो घरात आलाच नाही, परस्पर रस्त्यावर सही करून मोकळा.

रिझर्व्ह बँकेनं नंतर सांगितलं की ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना याबद्दल सावध केलं होतं. मग ३० एप्रिल २०१८ पर्यंत स्विफ्ट आणि कोअर बँकिंग जोडायची मुदत घातली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याची कॉसमॉस बँक. १९०६ सालची जुनी सहकारी बँक, पुण्यात कित्येक घरांत तिची पासबुकं. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत देशोदेशीच्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला स्विफ्टमधून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण जवळजवळ ९४ कोटी. एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती बँकेच्या स्विचकडे येते, स्विच कोअर बँकिंगला विचारतो, खात्यात आहेत का, द्यायचे का. चोरांनी मध्ये आपला खोटा स्विच बसवला. तो कुणालाच विचारत नव्हता, परस्पर हो म्हणत होता. बँकेची खतावणी शांत झोपलेली. ज्यांची कार्डं नकलली होती त्यांच्या खात्यांतून पैसे वजाही झाले नाहीत, गेले ते बँकेचे.

या दोन्ही ठिकाणी नोंदी नव्हत्या असं नाही. स्विफ्टकडे नोंद होती, कार्डांच्या जाळ्याकडे नोंद होती. देशपांड्यांचं दफ्तर जागेवर होतं. ते मामलेदाराच्या हिशेबाशी त्याच दिवशी कुणी ताडून बघत नव्हतं.

सरकारनं यात लक्ष घातलं ते कंपन्यांच्या हिशेबाच्या निमित्तानं. कंपनी हिशेब नियम २०१४ मध्ये मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. हिशेबाचं सॉफ्टवेअर असं हवं की प्रत्येक व्यवहाराचा माग राहील, प्रत्येक बदलाचा तारखेसह एडिट लॉग होईल आणि तो बंद करता येणार नाही. दोनदा पुढं ढकलत हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. लेखापरीक्षकांना दुसऱ्या नियमानं सांगितलं की हे खरंच वर्षभर चालू होतं का, यावर अहवालात लिहा.

आणि मग २०२३-२४ च्या वार्षिक अहवालांत मजा झाली. मोठमोठ्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालांत लेखापरीक्षकांचा एकाच धर्तीचा शेरा दिसू लागला. ॲप्लिकेशनच्या पातळीवर माग ठेवलेला आहे, पण डेटाबेसमध्ये थेट केलेल्या बदलांचा माग ठेवलेला नाही. आमच्या पतसंस्थेची गोष्ट, फक्त सनदी लेखापालांच्या भाषेत. तुमच्याकडे कुठल्याही मोठ्या कंपनीचा त्या वर्षाचा अहवाल असेल तर शेवटच्या पानांत नियम ११ चा ग हा भाग शोधा. बातम्यांत यातलं फार आलं नाही, पण माझ्या मते आपल्या देशात या प्रश्नावर झालेली ही सगळ्यात मोठी जाहीर चर्चा आहे, आणि ती प्रोग्रॅमरांनी नाही, हिशेबनिसांनी केली. पतसंस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, त्यामुळं आमच्या त्या ताईंना या नियमाचा फायदा नाही. ही माझी या नियमावरची तक्रार.

मग करायचं काय, हे विचारणाऱ्यांना मी आता असं सांगतो. आधी ठरवा की भीती कशाची आहे. प्रोग्रॅम का बिघडला हे शोधायचं असेल तर ॲप्लिकेशनचा लॉग, आणि तो फाईलमध्ये किंवा वेगळ्या ठिकाणी, त्याच डेटाबेसच्या टेबलात नको. कारण व्यवहार फसून मागे घेतला गेला की त्याच व्यवहारात लिहिलेली लॉगची ओळही मागे घेतली जाते. अपघात झाला आणि अपघाताची नोंद अपघातातच गेली. ओरॅकलनं यासाठी स्वतंत्र व्यवहाराची सोय दिली आहे, पण डेटाबेसच बंद पडला तर तीही कामाची नाही.

पैसा, गुण, पगार, जमीन, औषधाचा डोस, म्हणजे ज्यावरून उद्या कुणावर बोट दाखवलं जाईल, तिथं डेटाबेसमध्येच नोंद पाहिजे, ट्रिगरनं किंवा डेटाबेसच्या ऑडिट सोयीनं. थोडा वेग जाईल, जाऊ द्या. पण बहुतेक वेब प्रोग्रॅम डेटाबेसशी एकाच नावानं बोलतात. मग तुमच्या सुंदर ऑडिट टेबलात लाख ओळी, आणि प्रत्येक ओळीत करणाऱ्याचं नाव एकच, ॲप्लिकेशन. म्हणून प्रोग्रॅमनं प्रत्येक व्यवहाराच्या सुरुवातीला डेटाबेसला सांगायचं की आता माझ्यामागं हा अमुक माणूस आहे, आणि हा या विनंतीचा क्रमांक. पोस्टग्रेसमध्ये, ओरॅकलमध्ये याची सोय आहे. तोच क्रमांक ॲप्लिकेशनच्या लॉगमध्येही लिहायचा. आणि ऑडिट टेबल ज्या नावानं लिहिलं जातं त्या नावाला ते पुसायची परवानगी द्यायची नाही. दरकदाराला मामलेदार काढू शकत नाही, तसं.

मग रोज रात्री दोन्ही ताडायच्या. ॲप्लिकेशन म्हणतं आज खात्यांवर इतके बदल केले, डेटाबेस म्हणतो इतके झाले. एकाचा फरक आला तरी सकाळी कुणीतरी उठून बघायचं. बँकेसारखं काम असेल तर तिसरीकडची, म्हणजे स्विफ्टची, कार्डवाल्यांची नोंदही त्यात घ्यायची. लॉग लिहिणारा कोड सगळे लिहितात. ताडून बघणारा कोड मी जिथं जिथं गेलो तिथं मला स्वतः लिहावा लागला, आणि तो दाखवायला काही नसतं म्हणून त्याचं कौतुकही कुणी करत नाही.

तो क्रमांक दोन्हीकडे लिहायचा, असं म्हटलं ना, ते मी पुस्तकात शिकलो नाही. भिलाईचा रूळ जवळून बघितलाय का? त्याच्या उभ्या भागावर उठावदार अक्षरं असतात, कुणी बनवला, कोणत्या जातीचा, कोणत्या वर्षी. आणि गरम असतानाच ठोकलेला एक क्रमांक असतो, तो पोलादाच्या ज्या घाण्यातून हा रूळ आला त्याचा. उद्या हा रूळ कुठंतरी लांब तडकला तर त्या क्रमांकावरून मागे मागे जाता येतं, कोणता घाणा, त्यात काय मिसळलं होतं, चाचणीत काय आलं. नोंद मालावरच ठोकलेली, आणि तिचं दुसरं टोक वहीत.

बाबा निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही चालत येत होतो, आणि साइडिंगला नव्या रुळांची चळत लावलेली होती. ते थांबले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून क्रमांक वाचायला लागले. मी म्हटलं, बाबा, आता तुम्हाला काय करायचंय? ते म्हणाले, काही नाही रे, आमच्याच मिलचा आहे का बघतो. मग वर्ष वाचलं, सरळ झाले आणि म्हणाले, या वर्षी मी नव्हतो. शेरा दुसऱ्या कुणाच्या अक्षरात असेल.